बालगुन्ह्याची केस वाचताना: आधी प्रश्न ठरवा, मग सिद्धांत

समाजकार्याच्या आणि समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या केस-अहवालांत एक वाक्य हमखास सापडतं: ‘गरिबी, विस्कळीत कुटुंब, वाईट संगत आणि मोबाइलचा अतिवापर यांमुळे बालक गुन्हेगारीकडे वळले.’ हे वाक्य शेजारच्या घरातल्या, कधीही गुन्हा न केलेल्या मुलालाही तंतोतंत लागू पडतं. जे दोघांनाही लागू पडतं, त्यातून त्यांच्यातला फरक कळत नाही. परीक्षेच्या उत्तरात अशा वाक्यामुळे गुण जातात. परिविक्षा अधिकाऱ्याच्या (प्रोबेशन ऑफिसरच्या) अहवालात ते आलं, तर एका मुलाबद्दलचा निर्णय त्याच पोकळ वाक्यावर उभा राहतो.

ही चूक घडते याचं कारण शिकवण्याच्या पद्धतीत आहे. दुर्खीम, मर्टन, कोहेन, बेकर, हर्शी हे गुन्ह्याचे सिद्धांत मांडणारे समाजशास्त्रज्ञ एकमेकांचे प्रतिस्पर्धी असल्यासारखे शिकवले जातात आणि विद्यार्थी त्यांतला एक ‘बरोबर’ म्हणून निवडतो किंवा सगळे एकत्र कालवतो. खरं तर त्यांतले बरेच जण वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत होते. असे पाच प्रश्न आहेत. याच वस्तीत प्रमाण जास्त का? गुन्ह्याला हेच रूप का आलं? हा मुलगा त्या रात्री तिथपर्यंत कसा पोचला? या कृतीला गुन्हा कोणी म्हटलं आणि त्यानं पुढे काय झालं? आणि बाकीची मुलं का गेली नाहीत, गेलेली परत कशी येतात? आधी यातला आपला प्रश्न कोणता ते ठरवायचं. एका अहवालात दोन, फार तर तीन प्रश्न नीट हाताळता येतात.

पुढची सगळी पद्धत एका काल्पनिक केसवर लावून दाखवली आहे. समजा, पुण्याच्या उपनगरातल्या एका वस्तीत रात्री साडेअकराला चार मुलं दोन दुचाकींवरून आली आणि कोयत्यांनी अकरा गाड्यांच्या काचा फोडून गेली. काहीही चोरलं नाही. तिघं 15 ते 17 वर्षांचे, एक 20 वर्षांचा.

आधी कृती लिहा, विशेषण नंतर

पहिलं पान फक्त क्रियापदांचं असावं. किती जण आले, कशावरून आले, हातात काय होतं, काय केलं, काय केलं नाही, कोणाच्या गाड्या फोडल्या, ओरडून काही म्हणाले का, व्हिडिओ काढला का, कोणी पाहिलं. ‘दहशत माजवली’ हे वर्णन नव्हे. तो फिर्यादीचा शब्द आहे आणि त्यात अर्थ आधीच लावून टाकलेला असतो. आपल्या केसमध्ये ‘काहीही चोरलं नाही’ हे सर्वांत मोलाचं वाक्य आहे, आणि ‘दहशत’ लिहिलं की तेच निसटतं.

कायद्याचे शब्दही इथेच पक्के करून घ्या. 2015 चा बाल न्याय कायदा 15 जानेवारी 2016 पासून लागू आहे. त्यानुसार 18 वर्षांखालच्या मुलाला ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणायचं. ‘बालगुन्हेगार’, ‘आरोपी’, ‘सराईत’ हे शब्द अहवालात येऊ द्यायचे नाहीत. कलम 74 नुसार त्याचं नाव, पत्ता, शाळा, फोटो, ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करता येत नाही. वर्गातल्या सादरीकरणातही हे पाळा. वस्तीचं नाव आणि घटनेची तारीख एकत्र दिली तरी मुलगा ओळखता येतो. सामाजिक तपासणी अहवाल पहिल्या हजेरीपासून 15 दिवसांत बाल न्याय मंडळापुढे जायला हवा, म्हणून घरभेट पहिल्या चार दिवसांत करून घ्या. उशीर झाला की घरचे लोक ठरवलेली उत्तरं देऊ लागतात.

वस्ती: नकाशा, छेद आणि एक सापळा

‘याच भागात का’ या प्रश्नाचं काम शिकागोत सुरू झालं. क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मकाय यांनी न्यायालयात आलेल्या मुलांचे पत्ते नकाशावर टिपले. 1942 साली त्यांनी मांडलेला निष्कर्ष आजही विचार करायला लावतो. शहराच्या मध्याला लागून असलेल्या संक्रमणाच्या पट्ट्यात प्रमाण सतत जास्त राहिलं, आणि दरम्यान तिथे राहणारे स्थलांतरितांचे समूह मात्र पार बदलले. एक समूह बाहेर गेला की त्याच्या मुलांचं प्रमाण घटायचं. त्याच्या जागी आलेल्यांचं वाढायचं. म्हणजे कारण कोणा जातीत किंवा वंशात शोधायचं नसून त्या जागेत शोधायचं होतं. ‘अमुक लोकांची पोरं तशीच’ असं म्हणणाऱ्याला द्यायला याहून चांगलं उत्तर नाही.

नकाशा तुम्हीही करू शकता. गुन्हा घडलेल्या जागा आणि मुलांची राहण्याची ठिकाणं या दोन्ही वेगळ्या रंगांनी टिपा. दोन्हींची सरमिसळ झाली की बाजारपेठेचा भाग उगीच बदनाम होतो. किमान तीन वर्षांची नोंद घ्या. केसेस मोजू नका, मुलं मोजा, आणि त्या वयाच्या एकूण मुलांनी भागा. ‘अ’ वस्तीत 12 ते 17 वयाची 600 मुलं आहेत आणि तीन वर्षांत 9 जणांवर नोंद झाली, तर हजारी प्रमाण 15. ‘ब’ मध्ये 2,000 पैकी 14, म्हणजे 7. नुसता आकडा पाहिला असता तर ‘ब’ वाईट ठरली असती. लहान वस्तीचा आकडा नाजूक असतो, हेही लक्षात ठेवा: एकाच फिर्यादीत तीन नवी मुलं आली की ‘अ’ चं प्रमाण एकदम 5 नं वाढतं.

सापळा असा. वस्तीचं प्रमाण जास्त आहे, यावरून त्या वस्तीतल्या एखाद्या मुलाबद्दल काहीही सिद्ध होत नाही. डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी 1950 मध्ये ही चूक गणितानं दाखवून दिली. तरी ‘बालक गुन्हेगारीप्रवण वस्तीत राहते, म्हणून’ हे वाक्य अजून लिहिलं जातं. ते खोडा.

नकाशा फक्त ‘कुठे’ एवढंच सांगतो. ‘का’ साठी शेजाऱ्यांना विचारावं लागतं. रॉबर्ट सॅम्पसन आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये शिकागोतल्या 343 परिसरांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत आठ हजारांहून अधिक रहिवाशांना साधे प्रश्न विचारले होते: शाळा बुडवून पोरं कोपऱ्यावर उभी दिसली तर शेजारी काही बोलतील का? भिंतीवर रंग फासताना दिसली तर? जिथे उत्तर ‘हो’ होतं आणि लोकांचा एकमेकांवर भरवसा होता, तिथे गरिबीचा हिशेब वेगळा काढल्यावरही हिंसा कमी दिसली. आपल्याकडे हेच प्रश्न बैठ्या चाळीत आणि पुनर्वसनाच्या सात मजली इमारतीत, दोन्हीकडे विचारून बघा. गल्लीत दारं उघडी असतात, ओट्यावर आजी बसलेली असते, येणारंजाणारं पोर दिसतं. इमारतीत जिन्याची जबाबदारी कोणाची, हेच ठरलेलं नसतं. किमान 15 घरं घ्या. मंडळाचे कार्यकर्ते आणि नगरसेवकाची माणसं सोडून.

हेच रूप का: अकरा काचा आणि शून्य रुपये

इथे थोडं थांबू, कारण आपल्या केसचं मर्म इथे आहे.

रॉबर्ट मर्टन यांची 1938 ची मांडणी सगळ्यांना पाठ असते. समाज सर्वांना यशाचं एकच स्वप्न दाखवतो, पण तिथे जायचे वैध मार्ग सर्वांना सारखे देत नाही; मग माणूस अनुरूपता, नवमार्ग, कर्मकांड, माघार किंवा बंड यांतली एक वाट धरतो. मोबाइल हिसकावणारा, दुचाकी चोरून विकणारा मुलगा ‘नवमार्ग’ (ध्येय तेच, मार्ग अवैध) या खान्यात बसतो. काच फोडणारा बसत नाही, कारण त्याला काहीच मिळालेलं नाही. चोरी असेल तर मर्टन, नासधूस असेल तर दुसरीकडे बघा, एवढी खूण लक्षात ठेवली तरी अर्धे अहवाल सुधारतील.

दुसरीकडे म्हणजे आल्बर्ट कोहेन. त्यांनी 1955 मध्ये नेमका हाच प्रश्न धरला: मुलांच्या टोळ्या ज्याचा काही उपयोग नाही असं का करतात? त्यांचं उत्तर शाळेच्या मोजपट्टीपासून सुरू होतं. शाळा सगळ्यांना एकाच मध्यमवर्गीय पट्टीनं मोजते: नीटनेटकेपणा, बोलण्याची भाषा, आजचं सुख उद्यावर टाकण्याची तयारी. कामगाराचा मुलगा त्या पट्टीवर सतत कमी भरतो. त्याला दर्जा हवा असतो आणि तो मिळत नाही. त्याच अवस्थेतली मुलं एकत्र आली की ती पट्टीच उलटी करतात. शाळा वस्तू जपायला शिकवते, म्हणून वस्तू फोडण्यात मान. ‘वट’ हा आपल्याकडचा शब्द याच चलनाचं नाव आहे. गाडीची काच फुटल्यानं हाती पैसा येत नाही, पण दुसऱ्या दिवशी चौकात नाव निघतं.

मात्र नववीत नापास झाला म्हणून कोहेन लागू, असं होत नाही. कोहेनच्या मांडणीत एक अट आहे: मुलानं ती पट्टी कुठेतरी मनातून मान्य केलेली असली पाहिजे. म्हणून विचारताना ‘शाळा आवडायची का’ असं विचारू नका. ‘शाळेत शेवटची शाबासकी कधी मिळाली, कशाबद्दल, कोणी दिली’ असं विचारा. ‘निकाल घरी कसा सांगितलास’ असं विचारा. उत्तरात लाज, राग, थरथर असेल तर कोहेन धरून पुढे जा. मुलगा थंडपणे ‘शाळेत काय ठेवलंय’ म्हणाला आणि बाप-काकाच्या गॅरेजचा अभिमानानं उल्लेख केला, तर पॉल विलिस यांच्याकडे वळा. 1977 मध्ये त्यांनी इंग्लंडमधल्या एका औद्योगिक गावातल्या 12 कामगारपुत्रांबद्दल लिहिलं. ती मुलं शाळेच्या शर्यतीत हरलेली नव्हती, त्यांनी शर्यतच नाकारली होती. कारखान्याच्या कामातला रांगडेपणा त्यांना खरा वाटायचा, आणि त्या नकारातूनच ती पुन्हा बापाच्याच खालच्या नोकरीत पोचली. दोन्ही मुलं शाळेबाहेर दिसतात, पण एकाला दुखावलेल्या मानावर मलम लागतं आणि दुसऱ्याला बरं काम. शिफारस वेगळी निघते.

आता वस्तीत आणखी कोण आहे ते बघा. रिचर्ड क्लोवर्ड आणि लॉइड ओहलिन यांनी 1960 मध्ये म्हटलं की वैध मार्ग बंद झाले तरी अवैध मार्ग सर्वांना आपोआप खुले होत नाहीत. तिथेही ओळख, शिक्षण, वशिला लागतो. जिथे मोठ्यांचा बेकायदा धंदा घट्ट बसलेला आहे तिथे मुलं त्यात शिकाऊ म्हणून जातात. अशा भागात उगाच राडा होत नाही, कारण पोलिस आले तर धंद्याला त्रास. जिथे असा धंदा नाही तिथे हाणामारीच्या टोळ्या बनतात. जी मुलं दोन्हीकडे अपयशी ठरतात ती नशेत माघार घेतात. वस्तीत विचारायचे प्रश्न यातूनच मिळतात: मटक्याचा, दारूचा, जागा बळकावण्याचा धंदा कोणाचा? त्यात तरुणांना काम मिळतं का? तिथे राडा केला तर कोण रागावतं?

मुंबईचं गिरणगाव या चौकटीतून नीट दिसतं. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संप चिघळला, गिरण्या बंद पडत गेल्या. बापाची नोकरी मुलाला मिळण्याची वाट तुटली. व्यायामशाळा, गोविंदा पथकं, मंडळं होतीच. त्यांतली तालीम आणि एकजूट घेऊन काही मुलं टोळ्यांकडे गेली, कारण त्याच सुमारास मोठ्या टोळ्यांचा धंदा तिथे माणसं घेत होता. ‘बेकारीमुळे गुन्हेगारी’ एवढंच म्हटलं तर मधला दुवा गळतो. वैध दार बंद झालं तेव्हा शेजारचं अवैध दार उघडं होतं, आणि दोन्ही गोष्टी एकत्र आल्या.

आपल्या केसमधला 20 वर्षांचा मुलगा याच कारणानं महत्त्वाचा. कोयते कोणी आणले, दुचाकी कोणाच्या नावावर, पेट्रोलचे पैसे कोणी दिले, नंतर वकील कोणी पाहिला, हे चार प्रश्न विचारल्याशिवाय अहवाल पुरा करू नका. चारही उत्तरं एकाच सज्ञान माणसाकडे जात असतील, तर मामला मुलांच्या उपसंस्कृतीपुरता, म्हणजे त्यांच्या गटानं स्वतः बनवलेल्या मूल्यांपुरता, राहत नाही, ती भरती आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम 83 नुसार मुलांना बेकायदा कामासाठी वापरणाऱ्या सज्ञानाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड होऊ शकतो. हे अहवालात स्वच्छ लिहा. बहुतेक वेळा ते लिहिलंच जात नाही, आणि सगळा भार सोळा वर्षांच्या पोरावर येतो.

वॉल्टर मिलर यांनी 1958 मध्ये सांगितलेले निम्नवर्गीय संस्कृतीचे सहा ‘केंद्रीय विषय’, म्हणजे लफडं, कणखरपणा, चलाखी, थरार, नशीब आणि कोणाचं ऐकून न घेणं, वापरताना जपून. मुलगा राडा करतो, म्हणून त्याची संस्कृती राड्याची. आणि संस्कृती राड्याची, म्हणून तो राडा करतो: हे वर्तुळ आहे. संस्कृतीचा पुरावा गुन्ह्याच्या बाहेरून यायला हवा.

त्या रात्रीपर्यंतची वाट

‘वाईट संगत’ हे मोजता येतं. एडविन सदरलँड यांनी आपल्या सहवासाच्या सिद्धांताला 1947 मध्ये शेवटचं रूप दिलं, त्यात चार मापं आहेत: सहवास किती वेळा, किती काळ, आयुष्यात किती लवकर सुरू झाला, आणि त्या माणसाला मुलाच्या मनात किती मान आहे. एक तक्ता करा. डाव्या बाजूला मुलानं सांगितलेली सहा-सात माणसं, वर ही चार मापं. चुलतभाऊही घ्या, क्लासचे सरही घ्या. सदरलँडना दोन्ही बाजूंचे धडे तोलायचे होते. बऱ्याचदा दिसतं की रोज भेटणाऱ्या मित्रापेक्षा महिन्यातून एकदा येणाऱ्या ‘भाई’चा शब्द जड आहे.

मुलाखतीत ‘का केलंस’ विचारलं की मुलगा एकतर गप्प बसतो किंवा तुम्हाला हवं ते देतो. ‘मग काय झालं’ हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत दुपारपासून रात्रीपर्यंत या. ‘मॅटर’ कुठे सुरू झाला? खुन्नस कोणी दिली? निघताना कोणाला जायचं नव्हतं? त्याला काय म्हटलं गेलं? डेव्हिड मात्झा यांनी 1964 मध्ये म्हटलं होतं की बहुतेक मुलं गुन्ह्याला वाहिलेली नसतात, ती नियम आणि नियमभंग यांच्यामध्ये तरंगत असतात. हे तरंगणं संध्याकाळच्या तपशिलातच दिसतं. पाच मिनिटं आधी आईचा फोन आला असता तर एखादा घरी गेला असता, असंही निघतं.

बोलणं शब्दशः उतरवा. ग्रेशम साइक्स आणि मात्झा यांनी 1957 मध्ये दाखवलेली मन शांत करण्याची पाच तंत्रं आपल्या मुलांच्या तोंडी अशी येतात. जबाबदारी नाकारणं: ‘मला नेलं, मी नुसता मागं बसलेलो.’ नुकसान नाकारणं: ‘काचाच ना, इन्शुरन्स असतो की.’ बळी नाकारणं: ‘त्यांनी आधी आमच्या पोराला मारलं, त्यांना पाहिजेच होतं.’ दोष देणाऱ्यालाच दोष: ‘पोलिस काय धुतल्या तांदळाचे आहेत?’ आणि मोठी निष्ठा: ‘दोस्तीखातर गेलो, नाही गेलो तर तोंड कुठं दाखवू?’

ही वाक्यं निर्लज्जपणाचा पुरावा म्हणून लिहिली जातात. अर्थ नेमका उलट आहे. ज्याला नियम मान्यच नाही त्याला सबब लागत नाही. सबब आहे म्हणजे आत नियम शिल्लक आहे, आणि समुपदेशनाला धरायला तीच जागा मिळते. एक अडचण मात्र खरी आहे: सबब कृतीच्या आधी होती की पकडल्यावर सुचली? निघण्याआधी मुलं आपसात काय बोलली ते विचारून घ्या, म्हणजे थोडा उलगडा होतो.

आणखी एक जपायचं. तुमच्या वहीतलं वाक्य कबुलीजबाब ठरू नये. बाल न्याय मंडळापुढच्या अहवालांना कलम 99 नुसार गोपनीयता आहे आणि मूल निर्दोष आहे असंच गृहीत धरायचं असतं. म्हणून ‘बालकाच्या सांगण्यानुसार’ आणि ‘फिर्यादीनुसार’ हे शब्द प्रत्येक वेळी लिहा, कंटाळा करू नका.

रील, कोयता, केक

तलवारीनं कापलेला वाढदिवसाचा केक, कोयता घेतलेला फोटो, मागे गाणं. याला थेट गुन्ह्याची तयारी मानणं ही घाई आहे. बर्मिंगहॅम विद्यापीठात 1964 मध्ये सुरू झालेल्या सांस्कृतिक अभ्यास केंद्रातल्या लोकांनी शैली वाचायची एक रीत दिली: वस्तू मुळात कोणाची, ती उचलून कुठे आणली, आणि ती कोणाला उद्देशून दाखवली जाते. फिल कोहेन यांनी 1972 मध्ये लंडनच्या ईस्ट एन्डबद्दल लिहिताना म्हटलं की जुनी वस्ती, जुनी कामं मोडल्यावर आईबापांच्या जगातले न सुटलेले ताण मुलं शैलीतून सोडवू पाहतात. सुटका खरी होत नाही, सुटल्यासारखं वाटतं.

कोयता ऊसतोडीचं, नारळाचं, घरातलं अवजार आहे. शेतातून निघून शहराच्या चौकात तो दाखवायची वस्तू बनतो. हे वाचताना तोलही हवा: त्याच गाण्यावर तशीच रील करणारी, पण कधी कोणावर हात न उचललेली किमान पाच मुलं शोधा. ती सापडली, आणि ती सापडतातच, तर शैलीला कारण म्हणता येणार नाही. मुलीही शोधा. अँजेला मॅकरॉबी आणि जेनी गार्बर यांनी 1970 च्या दशकात विचारलं होतं की उपसंस्कृतीच्या अभ्यासात मुली दिसत का नाहीत. त्या नव्हत्या असं नाही, अभ्यासक चौकात उभे होते आणि मुली घरात होत्या. आज त्या फोनमध्ये आहेत, आणि कोणाची रील ‘भारी’ ते बहुतेक वेळा त्याही ठरवतात.

शिक्का कोणी मारला

2022 च्या अखेरीपासून पुण्यात ‘कोयता गँग’ हे शब्द सर्वतोमुखी झाले. हे कोणा एका टोळीचं नाव नव्हे. वेगवेगळ्या भागांतले, एकमेकांशी संबंध नसलेले गट, कधी एकटादुकटा मुलगाही, एका नावाखाली आले. असं नाव पडलं की काय होतं, ते स्टॅनली कोहेन यांनी 1964 च्या ईस्टरला इंग्लंडमधल्या क्लॅक्टनच्या समुद्रकिनाऱ्यावर झालेल्या मॉड आणि रॉकर या दोन तरुण गटांतल्या मुलांच्या गोंधळावरून 1972 मध्ये दाखवलं. बातमी फुगते, पुढच्या वेळचं भाकीत होतं, कपडे आणि गाड्या हीच खूण ठरते, पोलिस आणि न्यायालयं कडक होतात, आणि ज्या मुलांना आपण मॉड की रॉकर हे पक्कं माहीत नव्हतं तीही एक बाजू घेतात. लोकांची भीती खोटी असते असा याचा अर्थ नाही. ज्याच्या रिक्षाची काच फुटली त्याचा दिवसाचा धंदा गेलेला असतो; ते नुकसान अहवालात रुपयांत लिहा. पण घटना वाढल्या की नाव वाढलं, हे वेगळं तपासावं लागतं. त्यासाठी सहा महिन्यांच्या बातम्या आणि त्याच ठाण्यातल्या नोंदी शेजारी शेजारी मांडा: तारीख, काय घडलं, मथळ्यात कोणता शब्द, नोंद कोणत्या कलमाखाली. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे घेतलेत तर एका फिर्यादीतला फक्त सर्वांत गंभीर गुन्हा तिथे मोजला जातो, हे विसरू नका.

एका मुलापुरता शिक्का कसा काम करतो, त्याचं ठसठशीत उदाहरण विल्यम चॅम्ब्लिस यांनी 1973 मध्ये दिलं. एकाच अमेरिकन शाळेतले दोन गट: चांगल्या घरातली आठ मुलं आणि गरीब घरातली सहा. दोन्ही गट सतत काही ना काही करायचे. पहिल्या गटाकडे गाड्या होत्या, ते गावाबाहेर जायचे, पकडल्यावर नम्र बोलायचे. एकालाही अटक झाली नाही. दुसरे चौकात दिसायचे आणि उलट बोलायचे. आपल्या केसमध्ये विचारा: पोलिसांकडे या मुलाचं नाव पहिल्यांदा कधी गेलं, कशावरून? त्यानंतर शाळेनं काय केलं? एडविन लेमर्ट यांनी 1951 मध्ये केलेला प्राथमिक विचलन (शिक्का बसण्याआधीचा नियमभंग) आणि दुय्यम विचलन (शिक्क्यामुळे पुढे घडणारा नियमभंग) हा भेद या तारखांवरच ठरतो. शाळा घटनेनंतर सुटली असेल, तर तिला घटनेचं कारण म्हणता येणार नाही. तारखांचा क्रम न लावल्यामुळे उलटे निष्कर्ष निघालेले अहवाल फार आहेत.

आणि महाराष्ट्रात लिहिणाऱ्यानं 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा विसरू नये. जन्मानंच गुन्हेगार ठरवलेल्या समाजांना हजेरी लावली गेली, सोलापूरसारख्या ठिकाणी कुंपणात ठेवलं गेलं. कायदा 1952 मध्ये गेला, संशय गेला नाही. पारधी वस्तीतला मुलगा तुमच्यापुढे असेल तर शिक्का त्याच्या जन्माआधीचा आहे. तो ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ या खान्यात घालून मोकळे होऊ नका.

जे गेले नाहीत

एक तुलनेचा मुलगा नेहमी घ्या. सख्खा भाऊ असेल तर उत्तम, नाहीतर त्याच मजल्यावरचा, त्याच वर्गातला. ट्रॅव्हिस हर्शी यांनी 1969 मध्ये प्रश्नच फिरवला: लोक गुन्हा का करत नाहीत? त्यांचे चार धागे आहेत: माणसांशी जिव्हाळा, गमावण्यासारखं काही, वेळ भरलेला असणं, आणि नियमावर विश्वास. ‘आईला कळलं तर काय वाटेल, हे त्या वेळी डोक्यात आलं का’ हा जिव्हाळ्याचा सर्वांत चांगला प्रश्न आहे. वेळेचा धागा सर्वांत कच्चा. कबड्डीच्या तालमीला जाणाऱ्या मुलाकडेही राड्यासाठी तास उरतात, म्हणून ‘खेळात गुंतवावे’ ही एकच शिफारस करून थांबू नका.

सॅम्पसन आणि जॉन लॉब यांनी 1993 मध्ये सुधारगृहातल्या 500 आणि इतर 500 मुलांच्या जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या. ज्यांना टिकाऊ काम आणि भक्कम लग्न लाभलं, त्यांतले बरेच बालपण कसंही असलं तरी सरळ झाले. सोळाव्या वर्षी ‘सुधारणेची शक्यता नाही’ असं लिहिणाऱ्यानं हा अभ्यास आधी वाचावा. ज्या गुन्ह्याला किमान शिक्षा सात वर्षांची किंवा त्याहून जास्त आहे त्यात 16 ते 18 वयाच्या मुलाचं प्राथमिक मूल्यांकन होतं, आणि तिथे तुमचं एक वाक्य त्याला सज्ञान म्हणून खटला चालवण्यासाठी बाल न्यायालयाकडे ढकलू शकतं.

लिहून काढताना

चार पानं पुरतात. पहिलं कृतीचं. दुसरं तारखांच्या क्रमाचं. तिसऱ्यावर निवडलेले दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरं. सिद्धांतकाराचं नाव वाक्याच्या शेवटी, आधी पुरावा. उदाहरणार्थ: ‘बालकाच्या सांगण्यानुसार आठवीत चित्रकलेसाठी मिळालेलं बक्षीस ही शाळेतली शेवटची शाबासकी, नववीत दोनदा वर्गाबाहेर उभं केल्यावर तो 20 वर्षांच्या मित्राच्या गॅरेजवर बसू लागला, तिथे त्याला टोपणनाव मिळालं. नासधुशीतून आर्थिक लाभ नाही. दर्जाच्या वंचनेचं स्पष्टीकरण इथे बसतं (आल्बर्ट कोहेन).’ लगेच खाली, हे चूक ठरायला काय दिसायला हवं होतं तेही लिहा: शाळेत अजून मान असता, किंवा फोडलेल्या गाड्या ठरावीक वसुली न देणाऱ्यांच्याच निघाल्या असत्या, तर हे स्पष्टीकरण सोडावं लागलं असतं. दुसऱ्यासाठी अकरा गाडीमालकांची यादी तपासलीत का? नसेल तपासली तर आजच जा.

चौथ्या पानावर शिफारस, आणि ती तिसऱ्या पानाला बांधलेली. दर्जाची भूक सापडली असेल तर ‘व्यसनमुक्ती व्याख्यान’ नको. ज्यात त्याचं नाव निघेल असं काम आणि एक ठरलेलं माणूस हवं, गॅरेजचं कसब असेल तर प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम. सज्ञान भरती करणारा सापडला असेल तर मुलाला त्याच गल्लीत परत सोडताना संध्याकाळी सात ते बारा तो कुठे असेल, हे नावानिशी ठरवा. शिक्का सापडला असेल तर शाळेत पुन्हा प्रवेशाचं पत्र तुम्ही स्वतः घेऊन जा. कलम 24 नुसार या कायद्याखाली हाताळलेल्या मुलाला दोषसिद्धीची अपात्रता लागत नाही, फक्त 16 वर्षांवरच्या, सज्ञान म्हणून खटला चाललेल्या मुलाला हे संरक्षण नाही. हे मुख्याध्यापकांना बहुतेक वेळा ठाऊक नसतं. आणि पहिल्या पाठपुराव्याची तारीख अहवालातच टाका, सहा आठवड्यांच्या आतली, त्या दिवशी सहवासाचा तोच तक्ता पुन्हा भरायचा आहे असं लिहून.